शिळ्या कॉफीतला धागा

त्या घरात सकाळी कॉफी व्हायची सहा कप आणि प्यायली जायची चार. यंत्र सहा कपांचं होतं. "पाणी कमी घातलं की चव उतरते," असं मोठा मुलगा म्हणायचा. त्याच्याशी वाद घालण्यात लग्नाची पहिली दोन वर्षं घालवल्यावर थोरल्या सुनेने तो नाद सोडून दिला होता. उरलेले दोन कप काचेच्या भांड्यात राहायचे. दुसऱ्या कुठल्या घरात ते मोरीत गेले असते. या घरात त्यांच्यावर अकरा वर्षं थोरलीचा हक्क होता.

त्याला कारण सासूबाईंचं काम. सासूबाई रफू करायच्या, आणि तेही साधंसुधं नव्हे. लोक त्यांच्याकडे जुनी, जपलेली कापडं घेऊन यायचे आणि परत नेताना भोक नेमकं कुठे होतं ते त्यांनाही शोधून सापडायचं नाही. पण जुनं कापड पांढरं राहत नाही, आणि दुकानातला नवा धागा बगळ्यासारखा शुभ्र. तो तसाच भरला तर रफू लांबूनच दात काढतं. म्हणून धागा आधी कॉफीत बुडवून म्हातारा करायचा. किती म्हातारा, ते थोरली ठरवायची. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि 'अंदाजे' हा शब्द तिला शिवीसारखा लागायचा. तिच्या वहीत अकरा वर्षांच्या नोंदी होत्या: कॉफी किती, पाणी किती, तापमान किती, मिनिटं किती, आणि शेजारी धाग्याचा बोटभर तुकडा चिकटवलेला.

खरं सांगायचं तर तिला धाग्याचं एवढं प्रेम नव्हतं. प्रेम होतं त्या तासाचं. सकाळी साडेसहा ते साडेसात सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत, ती समोर स्टुलावर, मधे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेलं काचेचं भांडं. एरवी सासूबाईंच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदण्यासारखं. त्या तासात मात्र त्या आपणहून बोलायच्या. त्यांचे वडील शिंपी होते आणि गिऱ्हाइकांच्या कोटाच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठ्या कसे मोठ्याने वाचून दाखवायचे, पहिल्या नोकरीतून त्या मधल्या सुट्टीत कशा पळून आल्या, असलं काहीबाही. थोरलीची स्वतःची आई ती सात वर्षांची असताना गेली होती. 'आई' अशी हाक ती या घरात येऊन पुन्हा मारायला शिकली, आणि त्या तासात ती हाक तिला सगळ्यात खरी वाटायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. वहीतही त्याला रकाना नव्हता.

मग धाकटी आली.

धाकट्या दिराची ही बायको आधी एका केकच्या दुकानात कामाला होती. हसरी, बडबडी, आणि हातात वाटी-चमचा न घेता सगळं 'दिसेल तितकं' घालणारी. स्वतः कॉफीचा घोटही घेत नसे. घरात आल्यापासूनच्या चौथ्या दिवशी थोरली स्वयंपाकघरात गेली तर काचेचं भांडं विसळून पालथं घातलेलं.

"यातली कॉफी?"

"ती होय? केकमध्ये घातली, ताई. पाण्याऐवजी शिळी कॉफी घातली की चॉकलेटचा केक असा काळाभोर होतो ना!"

"ती धाग्याची होती."

"धागा कॉफी पितो?"

आतल्या खोलीत सासूबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. अकरा वर्षांत थोरलीच्या बोलण्यावर त्या गालात हसल्या होत्या, चष्मा कधी निघाला नव्हता. संध्याकाळी केक झाला. तो फार चांगला झाला होता, हीच त्यातली वाईट गोष्ट.

पुढे धाकटीने उरलेली कॉफी बर्फाच्या साच्यात गोठवायला सुरुवात केली. मोठा मुलगा ते तुकडे थंड दुधात टाकून प्यायला आणि बायकोला म्हणाला, "अगं, हे आपल्याला इतक्या वर्षांत कसं सुचलं नाही?"

"आपल्याला कामं होती," थोरली म्हणाली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. थोरलीने मोजले, दोनशे चाळीस झाले तरी नवलाई ओसरेना. एक कप धाग्याला, एक कप धाकटीला अशी वाटणी झाली होती. त्या एका कपात थोरलीचं काम सहज भागत होतं, तरी भांड्यात अर्धीच कॉफी पाहिली की ती वाटणी बरोबर झालीय का ते मापाने मोजून बघायची.

एवढ्यावर निभावलं असतं. पण वकीलबाईंचा टेबलक्लॉथ आला.

वकीलबाई सासूबाईंच्या जुन्या गिऱ्हाईक. टेबलक्लॉथ त्यांच्या आजीने स्वतः विणलेला, लिननचा, आणि त्याच्या बरोब्बर मधोमध इस्त्रीने जळून तळहाताएवढं भोक पडलेलं. कापडाचा रंग विचित्र होता: तपकिरी म्हणावा तर राखाडी, राखाडी म्हणावा तर तपकिरी. थोरलीने नऊ नमुने केले. सासूबाईंनी एकेक धागा कापडावर ठेवून पाहिला.

"पिवळं मारतंय," त्या म्हणाल्या. दहाव्यालाही तेच म्हणाल्या, आणि वर, "राहू दे गं, दमलीस तू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. थोरली अंघोळ करून आली तर खिडकीपाशी सासूबाई आणि धाकटी कापडावर डोकी जोडून बसल्या होत्या.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "शोध धागा कुठेय तो."

थोरलीला तो सापडायला बराच वेळ लागला. कापडावर ठेवलेला धागा कापडात विरघळून गेला होता.

"कसा केलास?" तिने विचारलं.

"मी कुठे काय केलं? तीन दिवसांची उरलेली कॉफी आटवत होते, आईस्क्रीमवर घालायला. तुमची लडी तिथेच पडली होती, दिली बुडवून."

"किती वेळ?"

"आंघोळ करून आले तेवढा वेळ."

"हिच्या हाताला डोळे आहेत," सासूबाई म्हणाल्या. आणि मग अगदी मायेने, थोरलीच्या दंडावर हात ठेवून, "बरं झालं बाई. तूही किती ओढाताण करशील? नोकरी, घर, शिवाय पहाटे उठून हे. उद्यापासून सकाळी ही बसेल माझ्याबरोबर. तू तासभर झोप काढ."

मारलं असतं तर ओरडता आलं असतं. माया केल्यावर काय करणार? थोरली म्हणाली, "बरं."

सोमवारी साडेसहाला ती अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिली. भिंतीपलीकडून सासूबाईंचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. नवरा म्हणाला, "झोप की." ती म्हणाली, "झोपलेच आहे." साडेसातपर्यंत तिने त्या बोलण्याच्या चढउतारावरून कोटाच्या खिशातल्या चिठ्ठीची गोष्ट ओळखली होती.

मंगळवारी भांडी घासायला गोळा करताना धाकटीचं आटवायचं पातेलं तिच्या हाती लागलं. माहेरून आणलेलं, जाड, लोखंडी. आतल्या अंगाला, जिथपर्यंत कॉफी यायची तिथे, काळपट रेघ आली होती. थोरलीने रेघेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहत उभी राहिली. कॉफी आंबट असते. आंबट पदार्थ लोखंडात तीन दिवस ठेवला, वर उकळला, तर लोखंड त्यात उतरणारच. आणि कॉफीतला तुरटपणा लोखंडाला भेटला की रंग राखाडी होतो. हाताला डोळे कसले, तळाला गंज होता!

तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीत पातेल्यातली उरलेली कॉफी भरली. धाकटीने रंगवलेला वीतभर धागा कापून घेतला. स्वतःच्या काचेच्या भांड्यातली कॉफी आणि धागाही घेतला, कारण तुलनेला दुसरा नमुना नसेल तर तपासणीला अर्थ नसतो. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही नमुने आम्लात उकळून तिने कॉफीचा रंग घालवला आणि लोह दाखवणारं द्रव्य थेंबाथेंबाने सोडलं. तिच्या कॉफीच्या नळीत पाणी होतं तसं राहिलं. धाकटीच्या नळीत नारिंगी रंग आला, मग लाल, मग आणखी लाल.

अकरा वर्षांत कुठल्याही नळीतला रंग पाहून तिला इतका आनंद झाला नव्हता. तो आनंद चांगला नव्हे, हे तिला तेव्हाही कळत होतं.

पण लोह आहे एवढ्याने काय होतं? लोहाने धागा आतून कुजतो, हे तिने वाचलं होतं. वाचलेलं आणि पाहिलेलं यांत फरक असतो. दोन्ही धागे तिने एकशे पाच अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले, सात दिवस. उष्णतेत धागा भराभर म्हातारा होतो. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "कुठल्या विहिरीचं आहे हे?" थोरली म्हणाली, "घरचीच आहे." सात दिवस सासूबाई सकाळी त्या धाग्याने भोक भरत होत्या, आणि धाकटी समोर स्टुलावर. थोरली डबा भरताना दारातून पाहायची. दोनदा तिने तोंड उघडलं आणि दोनदा विचारलं, "चहा ठेवू का?"

पुढच्या बुधवारी तिने धागे बाहेर काढले. आपला धागा ओढला. तो ताणला गेला, टिकला. धाकटीचा नुसता वाकवला तर वाळल्या गवताच्या काडीसारखा मोडला.

आता खात्री झाली होती. त्या रात्री सांगता आलं असतं, गुरुवारी सांगता आलं असतं. पण शनिवारी वकीलबाई येणार होत्या. सगळ्यांसमोर कौतुक होईल, सगळ्यांसमोर धागा मोडेल. तिने दोन्ही धागे दोन पाकिटांत घातले, वर क्रमांक टाकले, आणि बोलायचं ते मनात इतक्या वेळा बोलून पाहिलं की त्यातला एक शब्दही जास्तीचा उरला नाही.

शनिवारी वकीलबाईंनी टेबलक्लॉथ खिडकीच्या उजेडात धरला. "कमाल आहे, काकू! भोक होतं कुठे?"

"धाग्याची करामत," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या धाकटीची."

"एक मिनिट," थोरली म्हणाली.

तिने पाकिटं काढली. अहवाल वाचावा तशी बोलली: यात लोह आहे, इतकं आहे, हा धागा आज ना उद्या तुटेल. किती वर्षांनी ते नेमकं सांगता येणार नाही, पण तुटेल, आणि शेजारचं जुनं कापड घेऊन तुटेल. मग तिने पहिला धागा ओढून दाखवला आणि दुसरा मोडून दाखवला. त्याचे दोन तुकडे टेबलक्लॉथवर पडले.

तिची अपेक्षा होती की सगळे धाकटीकडे बघतील. वकीलबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "आजीचं आहे हो हे. तुमच्या हाती दिलं म्हणून मी निर्धास्त होते."

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या दारातून गेलेलं कापड तक्रार घेऊन परत आलं नव्हतं. हे तर दाराबाहेर पडायच्या आतच आलं. थोरलीने सगळं मोजलं होतं. घाव कुठे बसेल एवढंच मोजायचं राहिलं होतं.

"चूक माझी आहे," धाकटी पटकन म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "त्यांना काही माहीत नव्हतं. मी लोखंडी पातेल्यात... मला खरंच माहीत नव्हतं."

"सुई माझ्या हातात होती," सासूबाई म्हणाल्या. "वकीलबाई, पंधरा दिवस द्या. सगळं उसवून पुन्हा भरून देते."

वकीलबाई टेबलक्लॉथ ठेवून गेल्या. सासूबाईंनी धाग्याचे दोन तुकडे बोटाने एका रेषेत ठेवले.

"कधी कळलं तुला?"

"बुधवारी खात्री झाली."

"आणि शंका कधी आली?"

थोरलीला खोटं बोलता येत नसे. "त्याच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी."

"म्हणजे अकरा दिवस," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "अकरा दिवस मी एकेक टाका घालत होते, आणि तू दारातून बघत होतीस. मला म्हणायचीस, 'चहा ठेवू का?'"

"आई, मला..."

"माझ्याजवळ येऊन कानात सांगितलं असतंस तर मी तुला डोक्यावर घेऊन नाचले असते गं."

थोरलीने रिकामी पाकिटं उचलून हातात घेतली.

"उद्यापासून उसवायला बसायचं. ही बसेल माझ्याबरोबर, हिचे डोळे तरुण आहेत. रंग तू कर, काचेतल्या कॉफीतला. स्वयंपाकघरात कर."

"इथे नको?"

"इथला उजेड उसवायला लागेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तास परत मिळवायला निघाली होती, खोलीच गमावून बसली.

चार दिवस थोरली पहाटे उठून एकटी स्वयंपाकघरात धागे रंगवत राहिली. साठ अंश, दहा मिनिटं. साठ अंश, वीस मिनिटं. पिवळा, जास्त पिवळा. आतून कात्रीचा आवाज यायचा आणि अधूनमधून सासूबाईंचा. बोलत होत्या. उसवतानाही त्या धाकटीशी बोलत होत्या. चौथ्या दिवशी धाकटी पाणी प्यायला आली, नमुन्यांची रांग पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"केळ्याच्या सालासारखे झालेत."

"दिसतंय मला."

"गरम कशाला करता पण? आहे तशी शिळी, थंडच घ्या की. रात्रभर पडू दे. चांगली म्हातारी कॉफी घ्या म्हातारा धागा करायला."

अशी नोंद वहीत एकही नव्हती. अकरा वर्षांत थोरलीने कॉफी थंड असताना वापरून पाहिलीच नव्हती, कारण पहिल्या दिवशी ती गरम होती. तिने काचेच्या भांड्याची कड पुसली, पुन्हा पुसली.

"तुला माझा राग नाही आला?"

"आला की! तीन दिवस तुमच्या डब्यातल्या भाजीत मीठ नव्हतं. कळलं नाही?"

"कळलं. मला वाटलं, घाईत विसरलीस."

"देवा! एवढा सूड घेतला तो वाया गेला म्हणायचा," धाकटी म्हणाली आणि ग्लास तसाच ठेवून आत गेली. अजून हसत नव्हती, पण पाय आपटतही गेली नाही. असं कसं जमतं एखाद्याला? रागवायचं, मीठ घालायचं नाही, आणि चौथ्या दिवशी येऊन उपाय सांगायचा. थोरलीला तिचा पहिल्यापेक्षाही जास्त हेवा वाटला. नजरेचा वाटला होताच, आता मनाचाही वाटला.

त्या संध्याकाळी तिने दोन दिवसांची कॉफी काचेच्या बरणीत ओतली, लडी आत सोडली आणि झाकण लावलं. तापमान लिहायला वही उघडली आणि लिहिलं: 'खोलीचं.'

सकाळी साडेसहाला लडी बाहेर काढून तिने तीन पाण्यांतून धुतली. रंग मळकट, शांत, पिवळेपणाचा मागमूस नसलेला. पण ओल्या धाग्याचा रंग खरा नसतो. वाळल्यावर दोन छटा उतरतो. वाळायला पाऊण तास लागतो आणि त्याआधी कुणाला दाखवायचा नाही, हा तिचाच नियम होता. तिने लडी दोरीवर टाकली आणि घड्याळाकडे पाहिलं.

आतून सासूबाईंचा आवाज येत होता. "...तर तिने काय करावं? चक्क गच्चीवरून बादली ओतली त्याच्यावर!" धाकटी खिदळली. थोरलीने कान टवकारले. कोण ती? कुणावर ओतली? अकरा वर्षांत ही गोष्ट तिने ऐकली नव्हती. सासूबाईंकडे अजून अशा गोष्टी शिल्लक होत्या आणि त्या पहिल्यांदा दुसऱ्याच कुणाच्या कानावर पडत होत्या. ती पाऊण तास तशी उभी राहू शकली असती; तिला थांबता येत असे. तिने दोरीवरून लडी काढली आणि निथळती तशीच ओंजळीत धरून आत गेली.

दोघी बोलायच्या थांबल्या. धाग्याचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

सासूबाईंनी लडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ओला आणलास?"

"हो."

"ओल्याचं काय कळणार मला?"

"काही नाही कळणार," थोरली म्हणाली. "वाळेपर्यंत इथे बसू का, आई?"

सासूबाईंनी एक टाका कापला, चिमट्याने धागा ओढून बाहेर काढला, बोटावरचा तुकडा फुंकून टाकला. मग खुर्चीच्या पाठीकडे मानेने खूण केली. "तिथे टाक लडी. आणि फरशी पूस आधी, घसरेल कुणीतरी."

थोरलीने फरशी पुसली. स्टुलावर धाकटी होती. थोरली खाली, खिडकीच्या भिंतीला टेकून बसली. धाकटीने न विचारता टेबलक्लॉथची एक कड आणि दुसरी कात्री तिच्याकडे सरकवली.

"मग?" धाकटीने सासूबाईंना विचारलं. "भिजल्यावर तो काय म्हणाला?"

सासूबाई पुढे सांगू लागल्या, बादली ओतल्यानंतरचं. सुरुवात पुन्हा सांगितली नाही. थोरली टाके कापत ऐकत राहिली. कोण कुणावर ओतत होतं ते तिला कळत नव्हतं, तरी बाकीच्या दोघी हसल्या तेव्हा तीही थोडीशी हसली. बादली ओतणारी ती बाई कोण, हे नंतर कधीतरी विचारून घ्यावं लागणार होतं, आणि तेही धाकटीला.